मेलवरची न दिसणारी सही

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मला माझाच मेल आला. पाठवणारा मी, घेणारा मी, पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर. मजकूर मात्र भलत्याचाच. 'तुझा अकाउंट माझ्या ताब्यात आहे. विश्वास बसत नसेल तर हा मेल कोणत्या पत्त्यावरून आलाय ते बघ. दोन दिवसांत बिटकॉइन पाठव, नाहीतर तुझा व्हिडिओ तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना जाईल.' असला काही व्हिडिओ नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी स्वतःचा पत्ता बघून पोटात गोळा आलाच. पासवर्ड बदलला, लॉगिनची यादी तपासली. कुणीही आत शिरलेलं नव्हतं. शिरायची गरजच नव्हती, कारण माझ्या नावाने मेल पाठवायला माझा पासवर्ड लागत नाही. कुणाच्याच नावाने पाठवायला लागत नाही.

हे भगदाड बुजवायचं काम गेली वीसेक वर्षं चाललंय आणि त्यासाठी वापरलेलं हत्यार म्हणजे गणिताने केलेली सही. बराच काळ हा विषय सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुरताच होता. मग फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ठोक मेल पाठवणाऱ्यांना ही सही सक्तीची केली. गूगलच्या हिशेबात जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा जास्त मेल पाठवणारा तो ठोक पाठवणारा. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी तसाच नियम लावला. छोट्यांनाही पूर्ण सूट नाही, काहीतरी ओळख त्यांनाही दाखवावी लागते. त्यामुळे वार्तापत्रं पाठवणाऱ्या लहान संस्था, एकट्याने वेबसाइट चालवणारे लोक यांचे मेल '५५० ५.७.२६' असा आकडा घेऊन परत यायला लागले, आणि ज्यांनी या सहीचं नावही ऐकलं नव्हतं तेही ती कुठे करायची असं विचारू लागले.

## पाकिटावर कुणाचंही नाव चालतं

एका सर्व्हरने दुसऱ्याच्या हाती मेल कसा सोपवायचा, याचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. त्या नियमांचं नाव एसएमटीपी. तेव्हा एकमेकांना जोडलेले संगणक मोजके होते, बहुतेक विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले. दारात कोण आलंय हे विचारायची वेळ फारशी यायची नाही. जाहिरातीचा पहिला गठ्ठा मेल त्याआधीच येऊन गेला होता म्हणा. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी कंपनीच्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक बघायला या, असा निरोप अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या, जवळपास चारशे जणांना एकदम धाडला. लोक भडकले. पण थुर्क यांनी निदान स्वतःचं नाव लपवलं नव्हतं.

दोन सर्व्हरांमधलं बोलणं आजही साधारण असंच चालतं:

'नमस्कार, मी अमुक सर्व्हर.' 'दोनशे पन्नास.'
'मेल आणलाय. पाठवणारा अमुक पत्ता.' 'दोनशे पन्नास.'
'घेणारा तमुक पत्ता.' 'दोनशे पन्नास.'
'आता मजकूर सांगतो.' 'तीनशे चोपन्न. सांगा, संपला की एका ओळीत नुसतं टिंब द्या.'

२५० म्हणजे 'ठीक आहे'. या सगळ्या संवादात 'कशावरून?' हा प्रश्न कुठेही येत नाही. वर गंमत अशी की पाठवणाऱ्याचं नाव इथे जे सांगितलं जातं ते पाकिटावरचं नाव. आपल्याला मेल उघडल्यावर जे दिसतं ते आतल्या कागदावर छापलेलं नाव. ही दोन नावं जुळलीच पाहिजेत असाही नियम नाही. पाकीट सर्व्हर बघतात आणि फेकून देतात, कागद माणसं वाचतात. तोतयाला आणखी काय हवं?

त्यातून दुसराही ताप होतो. तोतयाने तुमच्या नावाने लाखभर मेल पाठवले आणि त्यातले हजारो पत्ते बंद पडलेले असले, तर 'पत्ता सापडला नाही' अशी उत्तरं येतात ती तुमच्याकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी, त्यातलाच प्रकार.

## सही म्हणजे नेमकं काय

डिजिटल सही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्कॅन करून मेलखाली डकवलेली स्वाक्षरी येते. तिचा इथे काही संबंध नाही, तसलं चित्र कुणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो. खरी डिजिटल सही ही एक संख्या असते. ती मजकुरावरून काढलेली असते, म्हणून प्रत्येक मेलची वेगळी. आणि ती काढायला एक गुपित लागतं, पण तपासायला ते लागत नाही. हे शेवटचं विचित्र वाटतं. जे गुपित मला माहीत नाही, ते तुला माहीत आहे याची खात्री मी कशी करू? हा चमत्कार कसा होतो ते लहान आकड्यांवर करून बघता येतं. कागद-पेन्सिल घ्यायला हरकत नाही.

आधी मजकुराचा ठसा काढायचा. याला हॅश म्हणतात: कितीही लांब मजकूर एका ठरावीक पद्धतीने दळून त्याची एकच संख्या करायची. मजकुरातलं एक स्वल्पविराम बदललं तरी संख्या पार बदलते, आणि संख्येवरून मजकूर परत मिळवता येत नाही. आज सर्रास वापरली जाते त्या शा-२५६ पद्धतीत ही संख्या ७८ अंकांपर्यंत जाते. आपण खेळण्यातली घेऊ. समजा आपल्या मेलचा ठसा ४ आला.

आता मी दोन आकडे जगजाहीर करतो, ३३ आणि ३. ही माझी सार्वजनिक किल्ली. तिसरा आकडा ७, हा मी कुणाला सांगत नाही. ही खासगी किल्ली. सही करताना मी ठसा सात वेळा मांडून गुणतो: ४×४×४×४×४×४×४, म्हणजे १६,३८४. त्याला ३३ ने भागलं की बाकी उरते १६. ही माझी सही. मेलसोबत १६ पाठवून देतो.

तुमच्याकडे मेल पोहोचला. तुम्ही स्वतः मजकुराचा ठसा काढला, ४ आला. मग माझी सही घेतली आणि जाहीर किल्लीने उलटी फिरवली: १६×१६×१६, म्हणजे ४,०९६. ३३ ने भागून बाकी ४. जुळलं! वाटेत कुणी मजकूर बदलला असता तर तुमचा ठसा ५ किंवा ९ आला असता आणि सहीतून मात्र ४ च निघाला असता. ७ हा आकडा तुम्हाला एकदाही लागला नाही.

मग तो ७ कुणाला काढता येणार नाही का? येईल की. ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे ज्याला कळलं, त्याने दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार करायचा, २×१०, म्हणजे २०. आता अशी संख्या शोधायची जिची तिप्पट २० च्या पाढ्यातल्या एखाद्या आकड्यापेक्षा एकाने जास्त भरेल. ७ ची तिप्पट २१. सापडला. सगळं कुलूप ३३ चे तुकडे पाडता येतात की नाही यावर लटकलेलं आहे. ३३ चे तुकडे लहान मूलही पाडेल. पण ती संख्या ६१७ अंकी असेल तर? दोन भल्यामोठ्या मूळ संख्या गुणणं संगणकाला क्षणाचं काम, त्यांचा गुणाकार बघून त्या दोन ओळखणं मात्र आजच्या कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचं. ही पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली मांडली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. जाहीर आणि खासगी अशा जोडकिल्ल्यांची मूळ कल्पना डिफी आणि हेलमन यांनी आदल्याच वर्षी छापली होती.

## प्रत्येकाने आपली सही का करू नये?

हा पहिला प्रयत्न झालाच. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी नावाचा प्रोग्राम फुकट वाटला. माणसाने स्वतःची किल्ली बनवावी, स्वतः मेलवर सही करावी, दुसऱ्याची सही तपासावी. तंत्र पक्कं होतं आणि आजही आहे. पण माझी जाहीर किल्ली खरंच माझीच आहे हे तुम्हाला कोण सांगणार? त्यासाठी लोकांनी एकमेकांना भेटून किल्ल्यांची खातरजमा करायची, तेही उत्साहाने. मी स्वतः एकदा किल्ली बनवली, वर्षभरात ती कुठल्या डिस्कवर ठेवली हे विसरलो, आणि ती उघडायचा लांबलचक पासवर्ड, म्हणजे पासफ्रेझही विसरलो. पत्रकार आणि सर्व्हरवाले पीजीपी वापरत राहिले, पण मेल वापरणाऱ्या बाकी जगाने या भानगडीकडे पाठ फिरवली. स्पॅम रोखायचा तर सही जवळजवळ प्रत्येक मेलवर हवी. हजारात एकावर असून भागत नाही.

दुसरी एक कल्पना होती, मेल पाठवणं थोडं महाग करायची. प्रत्येक मेलमागे संगणकाने एक छोटं कोडं सोडवायचं: तुम्हा-आम्हाला एका मेलला एखादा सेकंद, पण दिवसाला कोटी मेल पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली ती मांडली, ॲडम बॅक यांनी १९९७ साली हॅशकॅश नावाने स्वतंत्रपणे पुढे आणली. अडचण ही की स्पॅमवाले स्वतःची यंत्रं वापरतात कुठे? ते दुसऱ्यांचे संगणक बळकावतात आणि वीजबिल त्यांना बसतं. मेलमध्ये ही कल्पना रुजली नाही. पुढे बिटकॉइनने ती उचलली, म्हणजे माझ्या त्या धमकीवाल्याने मागितलेलं चलन मुळात स्पॅमविरोधी युक्तीवर उभं होतं. असो.

## सही पोस्टाने करायची

तोडगा निघाला तो मोठ्या मेल सांभाळणाऱ्या कंपन्यांतून. माणसाऐवजी डोमेनने सही करायची. डोमेन म्हणजे पत्त्यातला ॲटच्या खुणेनंतरचा भाग. तुम्ही मेल लिहून पाठवा, तुमच्या संस्थेचा किंवा कंपनीचा सर्व्हर बाहेर सोडताना त्यावर सही ठोकेल. तुम्हाला काही कळणारही नाही. याहूतल्या मार्क डिलेनी यांनी 'डोमेनकीज' बनवलं, त्याच सुमारास सिस्कोमध्ये तशाच एका पद्धतीवर काम चाललं होतं. दोन्ही एकत्र करून २००७ साली डीकिम हे मानक आलं. आज आपण ज्या सहीबद्दल बोलतोय ती हीच.

किल्ली ठेवायचा प्रश्नही सुटला, आणि तो फार सोप्या रीतीने. इंटरनेटवर आधीच एक अवाढव्य नोंदवही आहे, डीएनएस. एखाद्या डोमेनचा सर्व्हर कोणत्या क्रमांकावर आहे हे प्रत्येक यंत्र तिथेच बघतं, आणि त्या डोमेनच्या पानावर लिहायचा हक्क फक्त मालकाला असतो. मग जाहीर किल्लीही त्याच पानावर डकवून ठेवायची. सही करणारा मेलमध्ये लिहितो की किल्ली अमक्या डोमेनच्या पानावर अमक्या नावाखाली आहे, तपासणारा जाऊन बघतो. खातरजमा करायला कुणी कुणाला भेटायला नको.

कुठल्याही मेलचा मूळ मजकूर उघडला तर ही सही दिसते. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत त्यासाठी पर्याय आहे. वरच्या भाऊगर्दीत डीकिम-सिग्नेचर अशी सुरुवात असलेला एक परिच्छेद सापडतो. त्यात 'डी' या अक्षरापुढे डोमेन, 'एस' पुढे किल्लीचं नाव, 'एच' पुढे मेलचे कोणकोणते भाग सहीत धरलेत त्यांची यादी (पाठवणारा, विषय, तारीख वगैरे), 'बीएच' पुढे मजकुराचा ठसा, आणि शेवटी 'बी' पुढे तीन-चार ओळींचा अक्षरांचा नुसता चिवडा. तो चिवडा म्हणजे आपला १६.

किल्ली लहान ठेवली तर काय होतं याचा एक किस्सा आहे. तो २०१२ साली उघड झाला. एका गणितज्ञाला गूगलमधून नोकरीची विचारणा करणारा मेल आला. त्याला शंका आली म्हणून त्याने सही तपासली, तर किल्ली फक्त ५१२ बिटांची, म्हणजे १५५ अंकी. एवढ्या आकाराची संख्या १९९९ सालीच फोडून झाली होती. त्याला वाटलं, उमेदवाराची ही परीक्षाच असणार. भाड्याच्या संगणकांवर सुमारे तीन दिवसांत त्याने किल्ली फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवला, अगदी अस्सल सहीनिशी. उत्तर आलं नाही, पण दोनच दिवसांत गूगलची किल्ली बदलून २०४८ बिटांची झाली. परीक्षा वगैरे काही नव्हती. आता १०२४ बिटांच्या खालची किल्ली सहीसाठी धरतच नाहीत, आणि २०४८ ची शिफारस आहे. वर म्हटलेली ६१७ अंकी संख्या ती हीच.

## सही खरी, पण कुणाची?

इथे एक मेख आहे. समजा मेलवर तुमच्या बँकेचं नाव आहे आणि सही दुसऱ्याच कुठल्यातरी डोमेनची आहे. सही गणिताने शंभर टक्के बरोबर! डीकिम एवढंच सांगतं की सही केलेल्या डोमेनने या मेलची जबाबदारी घेतलीय. कागदावर छापलेलं नाव त्याच डोमेनचं असलं पाहिजे, असं ते म्हणत नाही.

याच्या जोडीला एसपीएफ नावाची एक यादी असते. आमच्या नावाने मेल फक्त या-या यंत्रांवरून निघतील, असं डोमेन आपल्या डीएनएसच्या पानावर जाहीर करतं. पण एसपीएफ बघतं पाकिटावरचं नाव, कागदावरचं नाही.

ही दोन्ही टोकं बांधणारा नियम म्हणजे डीमार्क. पेपॅल, गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट वगैरेंच्या गटाने तो २०१२ साली पुढे आणला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, माणसाला दिसणारं नाव आणि सहीतलं किंवा यादीतलं डोमेन जुळलं पाहिजे. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: जुळलं नाही तर काय करायचं हे डोमेनचा मालक स्वतः सांगतो. काही करू नका, नुसतं मला कळवा. किंवा स्पॅमच्या खोक्यात टाका. किंवा दारातूनच परत पाठवा.

माझ्या त्या धमकीच्या मेलवर सही नव्हती आणि तो माझ्या यादीतल्या यंत्रावरून आलेला नव्हता. घेणाऱ्या सर्व्हरला हे दोन्ही दिसत होतं. पण माझ्या डोमेनच्या पानावर डीमार्कची ओळच नव्हती. मी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून त्या बापड्याने तो आत सोडला. दोष माझाच.

## 'मग स्पॅमवालाही सही करेल की!'

करतो. अगदी नियमाने करतो. नवं डोमेन घेतो, किल्ली बनवतो, डीमार्कची ओळ लिहितो आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या तपासण्या पार करतो. पुष्कळदा स्पॅमवाल्यांची व्यवस्था छोट्या प्रामाणिक संस्थांपेक्षा नीटनेटकी असते. हे बघून बरेच जण हात झटकतात: मग या सहीचा फायदा काय?

सही माणूस भला की बुरा हे सांगतच नाही. ती फक्त एक पक्कं नाव देते. पण नाव पक्कं झालं की त्याला पत चिकटायला लागते. आधी सर्व्हरकडे मोजायला काय होतं? पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक, जो दुसऱ्याचा बळकावलेला असू शकतो. कागदावरचं नाव, जे खोटं असू शकतं. मजकुरातले शब्द, जे स्पॅमवाला मुद्दाम चुकीचे लिहितो. खोटं नाव घालता येत असेल तर नावाची वही ठेवण्यात अर्थ नाही, कारण बदनामी तोतयाची आणि डाग खऱ्याला. सही आल्यावर मेल घेणारा प्रत्येक मोठा सर्व्हर अशी वही ठेवू शकतो: या डोमेनचे मेल लोक उघडतात, त्याचे स्पॅम म्हणून फेकतात, हे आजच उगवलंय आणि पहिल्याच तासात लाखभर मेल घेऊन आलंय. गूगलने ठोक पाठवणाऱ्यांना घातलेली मर्यादाही अशाच मोजणीवर आहे, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत. कुणाच्या तक्रारी, हे नक्की ठरल्याशिवाय असा आकडा काढताच येत नाही.

म्हणून मला ही सही चोर पकडण्यापेक्षा सज्जनाची वाट मोकळी करण्यासाठी जास्त कामाची वाटते. ईबे आणि पेपॅल यांच्या नावाने पैसे उकळणाऱ्या मेलचा एकेकाळी सुळसुळाट होता. त्या कंपन्यांनी आपल्या सगळ्या मेलवर सही करायला घेतली आणि २००८ साली जीमेलने जाहीर केलं की या दोघांच्या नावाचा, पण सही नसलेला मेल आम्ही घेणारच नाही. स्पॅमच्या खोक्यातसुद्धा नाही. त्यांच्या खऱ्या डोमेनच्या नावाने जीमेलवाल्यांना फसवायचा रस्ता बंद झाला.

बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोसला सांगितलं होतं की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्यांच्या मनात होते त्यांतले काही उपाय आले, प्रश्न काही सुटला नाही. तोतयेगिरीचा दरवाजा बंद होतोय तसा चोर खिडक्या शोधतोय. खिडक्या अशा.

सगळ्यात सोपी खिडकी म्हणजे मिळतंजुळतं डोमेन. एक अक्षर इकडचं तिकडे, किंवा मागे 'सिक्युरिटी', 'व्हेरिफाय' असलं शेपूट. सही अस्सल, डोमेन भलतंच. त्याहून सोपी म्हणजे पत्त्याशी खेळच न करता नुसतं दिसणारं नाव बदलायचं. मोबाइलवर मेल उघडला की बहुतेक वेळा नावच दिसतं, पत्ता बोट लावल्याशिवाय दिसत नाही. तिथे 'तुमचे साहेब' असं लिहिलं की झालं, कुठल्याही फुकट खात्यावरून. डीमार्क त्या नावाकडे बघतसुद्धा नाही. तिसरी खिडकी म्हणजे खऱ्या माणसाचा पासवर्ड चोरायचा. मग मेल खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या सहीने निघतो आणि त्याला गणितात उत्तर नाही.

चौथी खिडकी मला फार हुशारीची वाटते. चोर एखाद्या नामवंत मेलसेवेत खातं उघडतो आणि एकच मेल पाठवतो, स्वतःलाच. सेवा त्यावर इमानदारीने सही करते. मग तो सही झालेला मेल जसाच्या तसा उचलून आपल्या यंत्रांवरून लाखो लोकांना पाठवतो. एक अक्षरही बदलत नाही, म्हणून सही टिकते. पाकिटावर घेणारा कोण लिहिलाय हे सहीत धरलेलंच नसतं. यावर पक्कं औषध अजून नाही. सहीला मुदत घालणं आणि एकच सही किती वेळा आली ते मोजणं, एवढ्यावर चालवून घेतात.

## वाटेत हात लागला तर

सही मजकुराला घट्ट चिकटलेली असते, हाच तिचा गुण आणि हाच तिचा त्रास. खूप लोकांचे गट अजूनही मेलवर चालतात: एकाने गटाच्या पत्त्यावर लिहायचं, ते सगळ्यांना जातं. जाताना गटाचा सर्व्हर विषयात गटाचं नाव घालतो आणि खाली 'सभासदत्व रद्द करण्यासाठी' अशी ओळ जोडतो. झालं, ठसा बदलला, सही मोडली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'जुळलं नाही तर परत पाठवा' असा डीमार्कचा कडक नियम लावला. याहूवाल्यांनी गटात लिहिलेलं इतरांपर्यंत पोहोचेना. पुढे तर मेल परत पाठवणाऱ्या सर्व्हरांवरच्या निरपराध सभासदांना, 'यांचा पत्ता बंद दिसतो' असं समजून, गटाच्या प्रोग्रामने आपोआप काढून टाकलं. लिहिलं एकाने, हाकललं दुसऱ्याला. शेवटी बऱ्याच गटांनी पाठवणाऱ्याचा पत्ताच बदलून गटाचा घालायला सुरुवात केली. हा उपाय कुरूप आहे, पण चालतो. २०१९ साली एआरसी नावाची पद्धत आली. तिच्यात वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'माझ्याकडे आला तेव्हा सही ठीक होती' अशी आपली सही जोडत जातो. पण वाटेतल्या सर्व्हरवर तरी विश्वास का ठेवायचा? प्रश्न फिरून कुणाची पत किती यापाशीच येतो.

## सही नाकारता येत नाही

या सहीचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या मनातही नव्हता. तिचं काम मेल पोहोचेपर्यंतच, काही सेकंदांचं. पण ती मेलमध्ये कायमची राहते. उद्या कुणी तुमची मेलपेटी चोरून जगापुढे टाकली, तर हे बनावट आहे असं तुम्हाला म्हणता येत नाही. सही तपासली की मेल खरा असल्याचं कुणालाही सिद्ध करता येतं. २०१६ साली अमेरिकेच्या निवडणुकीआधी हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे मेल विकिलीक्सने उघड केले तेव्हा त्यातले अनेक मेल अस्सल असल्याचं लोकांनी याच सहीवरून दाखवलं. पत्रकारांच्या दृष्टीने हे वरदान. चोराच्या दृष्टीनेही, कारण त्याच्या मालाला अस्सलपणाचा शिक्का फुकटात मिळतो.

मॅथ्यू ग्रीन या सांकेतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०२० साली उपाय सुचवला तो ऐकायला वेडगळ वाटतो: गूगलने ठरावीक काळाने किल्ल्या बदलाव्यात आणि जुन्या खासगी किल्ल्या चक्क जाहीर करून टाकाव्यात. मग जुनी सही कुणालाही बनवता येईल, म्हणजे जुन्या सहीला पुरावा म्हणून किंमतच उरणार नाही. मला हे पटतं. जे काम काही सेकंदांचं आहे त्याची पावती जन्मभर गळ्यात का?

## सगळी सूत्रं मोठ्यांच्याच हाती?

हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. डीकिम, एसपीएफ, डीमार्क ही तिन्ही मानकं खुली आहेत, कुणालाही फुकट वापरता येतात. पण कुणाची पत किती हे लिहिलेली वही खासगी असते. ती कशी लिहिली जाते, कुणाच्या नावापुढे काय शेरा आहे, हे मोजक्या कंपन्यांनाच ठाऊक. सगळं नीट करूनही स्वतःच्या छोट्या सर्व्हरचा मेल स्पॅमच्या खोक्यात पडला, तर दाद मागायला कुणाचा फोन नंबर नसतो. गणिताने नाव सिद्ध करायची सोय सगळ्यांना मिळाली, त्या नावाची किंमत ठरवायचा अधिकार मात्र थोड्यांकडे गोळा झाला. स्पॅमशी लढताना आपण मोजलेली ही किंमत आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

## माझं पुढे काय झालं

धमकीच्या मेलनंतर मी डोमेनच्या पानावर डीमार्कची ओळ घातली, सर्वांत सौम्य: काही अडवू नका, फक्त रिपोर्ट पाठवा. दुसऱ्या दिवसापासून वेगवेगळ्या सर्व्हरांकडून रिपोर्ट यायला लागले. माणसाने वाचायची ती भाषा नव्हे, नुसती कोष्टकं: अमुक क्रमांकाच्या यंत्रावरून तुमच्या नावाने इतके मेल आले, सही होती की नव्हती. ज्या यंत्रांशी माझा कधी संबंध आला नाही, अशांची यादी चांगली लांब निघाली. यांना दारातच अडवा, असं लिहायला हात शिवशिवत होते.

लिहिलं नाही ते बरं झालं. यादीतलं एक यंत्र माझंच निघालं. माझ्या वेबसाइटवर लोकांनी काही विचारलं की त्यांना माझ्या नावाने पोच जायची, ती ज्या सर्व्हरवरून निघायची त्याला सही करायला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्याला किल्ली दिली, महिनाभर रिपोर्ट बघितले, मग नियम कडक केला. रिपोर्ट अजून येतात. परत पाठवलेल्यांच्या रकान्यात दर आठवड्याला थोडेफार आकडे असतातच.